काकांनी वाचून दाखवलेली नोटीस

माझ्याविरुद्ध ज्यांनी वकिलाची नोटीस पाठवली, त्यांनीच ती मला वाचून दाखवली. त्यात त्यांना दोष देता येणार नाही. इंग्रजी किंवा तेलुगू कागद आला की तो न उघडता शेजारच्या साड्यांच्या दुकानात काकांकडं न्यायचा, ही माझी चौदा वर्षांची सवय. मी आठवीतून शाळा सोडलेली. मराठी झकास वाचतो, हिंदी धकवून नेतो, इंग्रजी अक्षरं ओळखतो पण ती एकत्र येऊन काय म्हणतात ते कळत नाही. काकांना कळतं. विजेचं बिल, मुलीच्या शाळेची चिठ्ठी, बँकेचा कागद, सगळं त्यांनीच वाचून दिलेलं.

मी गलाईवाला. गाव सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला. आमच्याकडची माणसं देशभर कुठंही सापडतील, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, एका भट्टीसमोर बसलेली. सोनार जुने दागिने आणून देतात, आम्ही ते वितळवतो, तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकतो, तांबं-चांदी वेगळं काढून सोनं चोख करून परत देतो. मी या कामासाठी आदिलाबादला आलो तेव्हा आता तेलंगणात असलेलं हे गाव नकाशात कुठं आहे हेही मला ठाऊक नव्हतं. बसमधून उतरलो आणि बाजारात मराठी ऐकून वाटलं, चुकून महाराष्ट्रातच उतरलो की काय.

ती मराठी काकांची होती. त्यांच्या घराण्याला इथं चार पिढ्या झाल्या. त्यांनीच शेजारचा गाळा दाखवला, मालकाशी तेलुगूत बोलले, पहिले पंधरा दिवस त्यांच्या घरून डबा आला. मला ते ‘पाव्हणा’ म्हणतात. चौदा वर्षं झाली, मुलगी इथंच जन्मली, तरी मी पाव्हणाच.

तर त्या दिवशी पोस्टमननं रजिस्टर पत्र दिलं. मी सही केली आणि तसाच काकांकडं गेलो. काका गादीवर बसून दोन बायकांना काठापदराच्या साड्या दाखवत होते. पाकीट बघितलं आणि त्यांच्या हातातली घडी विस्कटली.

“आज वाचाले टाइम नाई रे पाव्हणा. उद्या आण.”

“रजिस्टरनं आलंय काका. काही वाईट असलं तर?”

मला हे असंच होतं. जाड पाकीट दिसलं की वाईटच बातमी वाटते. काकांना ते माहीत आहे. बायका गेल्यावर त्यांनी चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. एरवी ते भराभर वाचतात. त्या दिवशी एकेक शब्द मुलाला औषध पाजावं तसा.

“यात लिवलं हाय का... तुमच्या भट्टीच्या धुरानं शेजारच्या दुकानातल्या साड्यायची जरी काळी पडली.”

“कुणाच्या?”

“थांब ना. मंग लिवलं हाय का नुकसान भरून द्या. पंधरा दिवसात. नाईतर कोर्टात दावा लावू. झालं.”

“तीन पानांत एवढंच?”

“इंग्रजी लंबी भाषा हाय.”

“पण काका, शेजारचं दुकान म्हणजे उजवीकडं तर पिठाची गिरणी आहे. डावीकडं तुम्ही.”

काका चष्मा पुसायला लागले. चांगला स्वच्छ होता, तरी पुसत राहिले.

“मीच हाय,” ते म्हणाले. “जावयानं करवलं. हैदराबादले वकील हाय त्याच्या वळखीचा. चाय घेतो का?”

मी चहा घेतला. नाही कसं म्हणणार? नोटीस देणाऱ्याच्या गादीवर बसून, त्याच्याच बशीतून, त्यानंच वाचलेली नोटीस मांडीवर ठेवून मी चहा प्यालो आणि निघताना सवयीनं “उपकार झाले काका” म्हणालो.

घरी आमच्या हिनं ते ऐकलं आणि कणीक मळायची थांबली. ती दहावी पास आहे. घरात शिकलेली तीच.

“त्यांनीच धाडली, त्यांनीच वाचली, आन तुमी आभार मानून आलासा?”

“काऊन... म्हणजे का नको मानू?” चौदा वर्षांत माझ्या बोलण्यात इथलं बरंच शिरलंय.

“तीन पानं हायती. दोनच वाचली असतील. चला वकिलाकडं.”

कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात. त्यांचंही घराणं इथलंच, जुनं मराठी. त्यांनी कागद हातात घेतला, एका दमात वाचला आणि तिसऱ्या पानावर थांबल्या.

“भाऊ, आटपाडीकडं तुमचं घर आहे?”

आहे म्हणालो. घर म्हणजे दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं सिमेंटचा कट्टा. तेरा वर्षं तेजाबाचा वास छातीत भरून मी ते बांधलं. अजून त्याला रंग दिलेला नाही. दिवाळीत आठ दिवस राहतो, बाकी वर्षभर आई तिथं एकटी राहते आणि कट्ट्यावर शेंगा वाळवते. त्या घराचा या धुराशी काय संबंध?

“यात लिहिलंय, दुकानातून वसुली झाली नाही तर तुमच्या खाजगी मालमत्तेवर, गावच्या घरासकट, जप्ती मागू.”

“पण घर दुकानाचं न्हाय,” आमची ही म्हणाली.

“दुकान कुणाचं आहे?”

“यांचं.”

“घर?”

“यांचंच.”

“मग संपलं. कायद्याला तुमच्या नवऱ्यात आणि दुकानात भिंत दिसत नाही. भट्टी म्हणजे हे, आणि हे म्हणजे घर.”

मी घाईघाईनं सुचवलं की घर आजच्या आज हिच्या नावावर करतो. बाईंनी हात वर केला. नोटीस आल्यावर असं केलं तर कोर्ट ते लबाडी समजून मोडून काढतं, आणि वर तुमचं तोंड काळं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी नोटिशीच्या मागं टाचलेला, एका चिठ्ठीच्या झेरॉक्सचा छोटा कागद पुढं केला. “आणि हे काय आहे?”

तो कागद बघून मला धरणी दुभंगावी असं झालं. अक्षर माझंच. चौदा वर्षांपूर्वीचं. ‘माझ्या भट्टीच्या धुराने शेजारच्या साड्यांना काही झाल्यास जबाबदार मी स्वतः.’ खाली सही आणि गावाचं नाव.

आता हे गलाईवाल्यालाच कळेल. आमचा धंदा चिठ्ठीवर चालतो. सोनार येतो, कागदाच्या पुडीत सोनं देतो. मी वजन लिहितो, खाली ‘जबाबदार मी’ लिहून सही करतो. काम झालं की तो चिठ्ठी परत देतो आणि मी ती त्याच्यासमोर फाडतो. दिवसातून वीसदा मी जबाबदार होतो आणि वीसदा सुटतो. त्यामुळं पहिल्या आठवड्यात काका सहज म्हणाले, “तुह्या धुरानं काही झालं तं?” तेव्हा माझा हात आपोआप चिठ्ठीकडं गेला. कुणी मागितलीही नव्हती. काकांनी ती जपून ठेवली, आणि ते काम कधी पुरं झालंच नाही, म्हणून ती फाडायचीही राहिली.

“अशा अजून किती दिल्यात?” बाईंनी विचारलं.

“सोन्याच्या सोडून?”

“सोन्याच्या सोडून.”

मी आठवून सांगितलं. गाळामालकाला गळक्या नळाबद्दल एक. गिरणीवाल्याला त्याच्या मांजराबद्दल एक. बाई पेन ठेवून हसल्या, पण हसताना मान हलवत होत्या.

मग त्यांनी आम्हाला नीट समजावलं. धंद्यात शेजाऱ्याचं, गिऱ्हाईकाचं नुकसान होऊ शकतं, दावे होतात. ते दावे घरापर्यंत येऊ नयेत म्हणून मध्ये भिंत घालायची असते. कंपनी काढायची. आता एका माणसाचीही कंपनी निघते. मग भट्टी कंपनीची, करार कंपनीचे, देणी कंपनीची. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमाही मिळतो, तो वेगळा घ्यायचा. पण हे सगळं पुढच्यासाठी. जे आधीच काळं झालं त्याला कंपनी पांढरं करत नाही. आणि स्वतःच्या हातानं ‘जबाबदार मी’ लिहिलं तर भिंतीला तुम्हीच भोक पाडलं.

“एका माणसाची कंपनी म्हणजे मीच ना?”

“नाही. ती वेगळी. कायद्यानं स्वतंत्र.”

“म्हंजे घरात दुसरी आणली म्हणा की,” आमची ही म्हणाली.

“हो, पण नॉमिनी तुम्हीच. हे गेले की ती तुमच्या ताब्यात.”

हिचा चेहरा जरा निवळला.

“आता या दाव्याचं बघू,” बाई म्हणाल्या. “नोटिशीत प्रत्येक साडीला ‘अस्सल चांदीची जरी’ म्हटलंय. नुकसान तेवढं मोठं धरलंय. जरी खरंच अस्सल होती?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर एक म्हैस उभी होती. ही माझ्याकडं बघत होती, म्हैस नव्हे, आमची ही.

“सांगा की.”

“काय सांगायचं?”

“तामसीच्या बायांचं सांगा. न्हायतर मी सांगते.”

हे गुपित मी सात वर्षं पोटात ठेवलं होतं. गलाईवाले जुन्या जरीच्या साड्याही घेतात. काठ जाळतो, राखेतून चांदी काढतो. तामसी, गुडीहत्नूरकडच्या बायका बसनं येतात, लग्नातला विरलेला शालू पिशवीतून काढतात. काठाचा एक धागा ओढून त्यावर तेजाबाचा थेंब टाकला आणि मग मिठाचं पाणी सोडलं, की चांदी असेल तर दह्यासारखा पांढरा साका बसतो. काकांच्या दुकानातल्या साड्यांना तो बसायचा नाही. हिरवा फेस यायचा. म्हणजे तांबं. आणि काकांच्या दारावर तर मोठ्या अक्षरात पाटी, ‘अस्सल जरी, मालकाची स्वतःची हमी.’

मी त्या बायकांना काय सांगायचो? “ताई, आत्ता भाव नाही. साडी अजून चांगली आहे, नेसा दोन वर्षं.” एकीला तर मी म्हणालो होतो की तुमच्यावर हा रंग खुलतो. ही तेव्हा गाळ्यामागच्या आमच्या खोलीतून ऐकत होती. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते रंगाबद्दल नव्हतं. “त्या बाया फसल्या आन तुमी वर फुंकर घालताय,” असं तिसऱ्या दिवशी म्हणाली. खरं होतं. पण काकांनी मला डबा दिला होता. मी त्यांच्या पाटीवर तेजाब कसं टाकू?

वकीलबाईंनी सगळं ऐकलं. “म्हणजे त्यांच्यावर सात वर्षांत जे दावे व्हायला हवे होते, ते तुम्ही फुकटात अडवलेत. आणि त्यांनी तुम्हालाच नोटीस दिली.”

“जावयानं करवलं,” मी म्हणालो.

“मी उत्तर लिहिते. साड्या कोर्टामार्फत तपासायला पाठवा म्हणते. ते ऐकून ते मागं सरतील. त्यांच्या पाटीवर मालकाची स्वतःची हमी आहे ना? मग त्यांचंही घर उघड्यावर आलंच.”

मी हात जोडले. आधी मला एकदा बोलू द्या. बाईंनी विचार केला. “बोला. पण काही लिहून द्यायचं नाही.” मग हिच्याकडं वळून म्हणाल्या, “वहिनी, यांचं पेन तुमच्याकडं ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार थंड असताना मी काकांकडं गेलो. “काळी पडलेली एक साडी द्या काका, बघतो पुसून निघतंय का.” त्यांनी सामायिक भिंतीजवळच्या कपाटातून एक दिली. खरं सांगतो, काठ काळवंडला होता, आणि तो माझ्याच धुरानं. माझं धुराडं त्यांच्या मागच्या खिडकीच्या उंचीलाच संपत होतं. ते मला कळत होतं, दिसत होतं, पण चौदा वर्षं मी ‘पुढच्या उन्हाळ्यात वाढवू’ म्हणत आलो.

मी काठातला एक धागा ओढला आणि खिशातली तेजाबाची बाटली काढली. बशीत धागा, त्यावर थेंब. हिरवा फेस आला. मिठाचं पाणी सोडलं. काही बसलं नाही. पाणी निळसर-हिरवं, मोराच्या मानेसारखं.

काकांनी बशी उचलून उजेडात धरली. बशी चहाचीच होती.

“चांदी असती तं?”

“दही झालं असतं.”

“तुले कवापासून माहीत हाय?”

“सात वर्षं. तामसीच्या बायका तुमच्याकडचे शालू विकायला माझ्याकडं आणतात.”

“मंग बोलला काऊन नाई लेका?”

“तुम्ही माझे कागद वाचता.”

काकांनी दुकानाचं एक दार ओढून घेतलं. “व्यापारी म्हणते अस्सल, आमी बी म्हणतो अस्सल. पहिले तं खरंच होती. मंग कवा बदलली, म्या इचारलं नाई. इचारलं असतं तं पाटी उतराव लागली असती.” मग म्हणाले, “म्या तुले तिसरं पान वाचून नाई दाखवलं.”

“वकीलबाईंनी वाचलं.”

“घराचं ते. माह्यानं वाचलं नाई गेलं रे. म्या म्हटलं, तिथं पोचून तू घाबरून जाशीन.”

“घाबरलोच.”

“घाबरलास तं बशी काहाले केली मोराच्या रंगाची?” असं म्हणून ते हसले, आणि मग हसता हसता गंभीर झाले. “म्हंजे तामसीची एकादी बाई कोर्टात गेली तं माह्यं बी घर जाते?”

“पाटीवर मालकाची स्वतःची हमी आहे काका. मी ‘जबाबदार मी’ लिहिलं, तुम्ही रंगवून घेतलं. तुमचं अक्षर मोठं आहे, एवढाच फरक.”

त्याच आठवड्यात आम्ही दोघं वकीलबाईंकडं गेलो. काका माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, ही मागून रिक्षानं. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीवरून आलेले बघून बाहेरचा कारकून उठून उभा राहिला. बाईंनी काकांना आधीच सांगितलं की मी यांची वकील आहे, तुम्ही तुमचा आणा. काका म्हणाले, “माहावाला हैदराबादले हाय, तो फोनवर हाय,” आणि फोन टेबलावर ठेवला. तडजोड झाली. मी धुराडं त्यांच्या गच्चीच्या वर न्यायचं. त्यांनी नोटीस मागं घ्यायची. पाटी उतरवायची.

मग काकांनी घसा साफ केला. “बाई, मले बी यक कंपनी काढाची हाय.”

“काढा. पण आधी पाटी. खोटी हमी तुम्ही दिलीत तर कंपनी तुम्हाला लपवत नाही.”

जुनी चिठ्ठी काकांनी मला परत दिली. मी ती तिथंच फाडली, चार तुकडे केले. वकीलबाईंनी ते केराच्या टोपलीत टाकायला लावले आणि हिनं डोळ्यांनी मोजले.

माझी कंपनी झाली. दारावर नवी पाटी लागली, शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’. एक रबरी शिक्का आला. विम्याचा कागद आला, तो काकांनीच वाचून दिला, या वेळी सगळी पानं. एक म्हातारा सोनार पाटी वाचून दारातच थांबला. “सेठ, दुकान बेच दिया क्या?” मी म्हणालो, नाही, मीच आहे. “फिर ये कौन है?” त्यानं पाटीकडं बोट केलं. त्याच्या पुडीच्या चिठ्ठीवर मी वजन लिहिलं, वकीलबाईंनी शिकवल्यासारखा शिक्का मारला, ‘कंपनीकरिता’ लिहून सही केली. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि खिशात घातली, पण बंडीच्या आतल्या खिशात, जिथं तो एरवी घालत नाही.

काकांच्या दारावरची पाटीही बदलली. ‘जरीकाठी साड्या’ एवढंच. काळ्या पडलेल्या साड्या त्यांनी ‘तांब्याची जरी’ म्हणून वेगळ्या मांडल्या, आणि त्या आधी संपल्या. काका अजून त्याचं नवल करतात. आता तामसीची बाई साडी घेऊन आली की मी खरं सांगतो, आणि काकांकडं पाठवतो. ते बदलून नवी देतात. प्रत्येक वेळी माझ्याकडं असं बघतात की जणू ती बाई मीच जन्माला घातली.

इथंच संपायला हवं होतं. पण धुराडं चढवलं त्या दिवशी मिस्त्रीनं लोखंडी पट्टी काकांच्या भिंतीत ठोकली. उंच नळकांडं, वर टोपी, धूर थेट आभाळात. काका खाली उभे राहून मान वर करून बघत होते.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “पन वाऱ्यानं हाललं अन् भिंतीले भेग गेली तं?”

माझा हात खिशाकडं गेला. पेन नव्हतं, ते हिच्याकडं. पण दुकानाच्या फळीवर वजनं लिहायची पेन्सिल होती. मला कळत होतं. वकीलबाईंचा चेहरा, आटपाडीचा कट्टा, वाळणाऱ्या शेंगा, सगळं दिसत होतं. तरी हात चालला. ‘धुराड्यामुळे भिंतीस काही झाल्यास जबाबदार’ इथवर लिहिलं आणि ही आतून शिक्का घेऊन आली. माझ्या हातातला कागद ओढून तिनं त्यावर कंपनीचा शिक्का दाबला, जोरात, दोनदा.

काकांनी तो कागद लांब धरून वाचला. “हे कोन हाय?”

“कंपनी,” ही म्हणाली.

“हिले म्या कधी जेवू घातलं नाई. म्या याले घातलं. पाव्हण्या, तू सही कर.”

मी हिच्याकडं बघितलं. हिनं धुराड्याकडं बघितलं. मी शिक्क्याच्या खाली ‘मी स्वतः’ लिहिलं आणि सही केली, गावाच्या नावासकट.

काकांनी चिठ्ठीची बारीक घडी घातली, एकदा मुठीत दाबली आणि मग माझ्याच वरच्या खिशात सरकवली. “ठेव तुह्यापाशीच. माह्याकडं राहिली तं जावयाले सापडन. अन् वकीलबाईले सापडली तं दोघाले बी हाणन.”

ती चिठ्ठी आता भट्टीमागच्या डब्यात आहे, सोनं वितळवायच्या मुशींच्या खाली. देणारा मीच, सांभाळणाराही मीच. कायद्यानं तिला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आणि वकीलबाईंना विचारायची सोय नाही. आई फोनवर विचारते, घराला रंग कधी देतोस. मी म्हणतो, या दिवाळीत.